हिवरदरीचा बंद रेडिओ

मिस्त्री रेडिओच्या समोर कधी उभे राहत नसत. सेट सुरू करायचा, काटा फिरवायचा, आवाज लागला की पेटीच्या मागे जाऊन उभं राहायचं, ही त्यांची रीत. समोरून नुसता आवाज ऐकू येतो, मागून सेट दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आत कोण काय बोलतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. बातम्या लागल्या की ते बटण फिरवून बंद करत आणि मला म्हणत, "चालू हाय. लिहा."

मी लिहीत असे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका विकास गटाच्या ऑफिसात १९५७ साली मी कारकून म्हणून लागले आणि समाजशिक्षणाच्या टेबलाबरोबर गावोगावच्या सरकारी रेडिओंची यादीही माझ्याकडे आली. चाळीसेक गावं. प्रत्येक गावात एक सेट, लाकडी पेटीत कुलूपबंद, चावडीत नाहीतर शाळेत ठेवलेला. वीज कुठेच नव्हती. सेट चालत ते पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या जाड बॅटरीवर. ती उतरली की गावानं कळवायचं, मिस्त्रींनी सायकलवरून जाऊन खात्री करायची, ऑफिसातून नवी घेऊन बसवायची आणि जुनी परत आणून दाखवायची. प्रत्येक बॅटरीला नंबर होता आणि प्रत्येक नंबर माझ्या यादीत होता.

मिस्त्रींचं दुकान मशिदीच्या गल्लीत होतं. वडील शिलाई मशिनी आणि ग्रामोफोन दुरुस्त करत. यांनी रेडिओ शिकून घेतला होता. पन्नाशीचे असतील. उंच, वाकलेले, बोटांच्या टोकांना कथील जळाल्याचा वास. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. सरकारनं त्यांना महिन्यावर नेमलं होतं आणि गावातली बाकीची दुरुस्ती ते नोकरीआधी आणि नोकरीनंतर करत. शिकलेले उर्दू चौथीपर्यंत. पण मराठी पेपर अडखळत का होईना, वाचत, तोही शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे. शेवटच्या पानावर बाजारभाव असत. ते ताडून पाहता येतात, म्हणून तिथून सुरुवात. पहिल्या पानापर्यंत पोचेपर्यंत बहुतेक वेळा त्यांचा चहा संपलेला असे आणि पेपरात ते नट-बोल्ट बांधून ठेवत.

त्यांच्यासमोर कोणी बातमी सांगितली की त्यांचा एकच प्रश्न असे. "कोनाच्या डोयानं?"

म्हणजे, पाहिली कोणी? सांगणारा म्हणे, पेपरात आलंय. मिस्त्री म्हणत, पेपरले डोये नसते. सांगणारा म्हणे, रेडिओवर सांगितलं. मिस्त्री म्हणत, "रेडिओ मी उघडून पाह्यला हाय. आत कोनी नाही." लोक त्यांना टाळत. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क तर मुद्दाम दारातूनच काहीतरी ओरडून सांगत आणि मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत आत पळत.

एकदा एका पेपरात आलं की बोरी अरबच्या बाजारात आग लागून ओळच्या ओळ खाक झाली. मिस्त्री त्या दिवशी बोरीलाच होते. पेपर घेऊन ते एजंटाच्या दुकानात गेले, बातमीवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "या आगीत बसून मी दोन कप चहा पेलो. दूध जरा पातळ होतं, तेवढं छापा." एजंट बिचारा पेपर विकणारा, छापणारा नव्हे. त्याला ते तासभर समजावत होते की आपण तक्रार करत नाही, दुरुस्ती करतो आहोत.

राजकारणाचंही तसंच. मी लागले त्याच्या आदल्या वर्षी आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. पुढे महाराष्ट्र झाला. दोन्ही वेळा ऑफिसचा बोर्ड नव्यानं रंगवला. मिस्त्री दोन्ही वेळा गच्चीवर जाऊन एरियलची तार तपासून आले आणि तार तीच आहे असं सांगून गेले. निवडणुकीत सगळ्या पक्षांचे भोंगे दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायचे. सगळ्यांचे ते सारख्याच मनानं दुरुस्त करत, आणि तपासताना भोंग्यात स्वतः एक, दोन, तीन, चार म्हणत. गल्लीतली पोट्टी जमायची. "ऐकून घ्या," ते त्यांना सांगत. "या भोंग्यातून एवढंच खरं निंघनार हाय."

हे सगळं ऐकून वाटेल की माणूस गमत्या होता. तसा तो नव्हता. हसताना मी त्यांना दोनदाच पाहिलं. आणि त्यांच्या बोलण्यात कधीकधी असं काही येई की दुपारी बारा वाजता अंगावर काटा यावा. केळापूरच्या बाजूच्या एका गावात काटा जागेवरून सरकला आणि महिनाभर कुठल्यातरी परदेशाचं स्टेशन लागत राहिलं. गाव रोज संध्याकाळी बसून ते ऐकत होतं. दिल्लीची हिंदी असेल असं त्यांना वाटलं. मिस्त्रींनी जाऊन नागपूर लावून दिलं, तर एक म्हातारा नाराज झाला. आधीचा माणूस चांगला होता, म्हणाला. याचं कळतं, पण तो आपल्याशी बोलायचा. मिस्त्रींनी मला हे सांगितलं आणि बराच वेळ हातातला स्क्रू फिरवत बसले. "बाई, त्याले कळत नव्हतं तरी तो ऐकत होता. मंग तो ऐकत काय होता?"

मी ते हसण्यावारी नेलं. माझ्यापुढे महिन्याच्या अहवालांचा ढीग होता.

या अहवालांचं सांगायला हवं. प्रत्येक गावात श्रोतेमंडळ होतं. संध्याकाळी साडेसहा ते सात गावकऱ्यांसाठीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि मंडळाच्या चिटणिसानं छापील कार्डावर लिहून पाठवायचं: हजेरी किती, विषय कोणता, शंका काय निघाल्या. कार्यक्रमांचं पत्रक आम्ही महिन्याआधीच प्रत्येक गावाला पाठवत असू. बहुतेक गावांची कार्डं उशिरा येत, अर्धवट येत, काहींवर नुसता शिक्का असे. हिवरदरीचं कार्ड मात्र महिन्याच्या दोन तारखेला टेबलावर. वळणदार अक्षर, हजेरी चाळीसच्या वर, शंका नेमक्या. घाटाखालचं, जंगलाला लागून असलेलं छोटंसं गाव, पण कामात पहिलं. वर्षाअखेरीस मी गुणांची यादी केली तेव्हा हिवरदरी सगळ्यात वर आली. साहेबांनी त्यावरून एक टिपणी करायला सांगितली. मी केली. ती नागपूरच्या एका पेपराकडे गेली आणि छापून आली: हिवरदरीचं आदर्श श्रोतेमंडळ.

त्याच आठवड्यात मिस्त्री माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, हिवरदरीसाठी बॅटरी द्या. सेट बंद आहे. आधीची बॅटरी कधी बसवली त्या हिशेबानं पाच-सहा महिने तरी झाले असावेत.

मी त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "अक्षर चांगलं हाय," म्हणाले. "सेट बंद हाय."

गावानं काहीच कळवलं नव्हतं. ते दुसऱ्या गावाहून परतताना सहज हिवरदरीत शिरले होते. दुपारची वेळ, शाळा सुटलेली, मास्तर, म्हणजे मंडळाचे चिटणीस, बाहेर. खिडकीतून हात घालून पेटीचं नुसतं लोटलेलं पुढचं दार उघडलं, बटण फिरवलं, काही नाही. पेटीला मागून कुलूप असल्यामुळे आत पाहता आलं नव्हतं.

हेडक्लार्कनी हे ऐकलं आणि ते साहेबांपर्यंत गेलं. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्यासमोर एका बाजूला सहा महिन्यांची कार्डं होती, पेपराचं कात्रण होतं, आणि दुसऱ्या बाजूला एक मिस्त्री होता जो चालू सेटसाठी नवी बॅटरी मागत होता. बॅटऱ्या बाजारात विकल्या जातात हे सगळ्यांना माहीत होतं. एका तालुक्यात एक मिस्त्री असाच पकडला गेला होता. साहेबांनी चौकशी लावली, दहा दिवसांनी. सेट खरोखर बंद असेल तर कार्डं खोटी. मग मास्तरांवर कारवाई आणि सेट दुसऱ्या गावाला. तीन महिन्यांवर बंद राहिलेला सेट काढून घ्यायचा असा नियमच होता आणि सेट मागणाऱ्या गावांची यादी लांब होती. सेट चालू असेल तर मिस्त्री चोर. मग मिस्त्री घरी.

पुरावा म्हणून साहेबांनी कात्रण फायलीला लावायला सांगितलं. ती बातमी माझ्या टिपणीवरून आली होती, टिपणी माझ्या यादीवरून, यादी कार्डांवरून. मी टाचणी हातात घेऊन हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आता ते छापून आलंय."

त्या दिवशी मिस्त्री माझ्या टेबलापाशी आले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. "तुमी चला बाई. माह्या डोयाचं इथं कोनी धरत नाही. तुमचे डोये चालतीन."

दौऱ्याची परवानगी काढून मी गेले. मोटारीनं घाटाच्या वळणापर्यंत, तिथून पायी. थंडीचे दिवस होते, कापूस वेचून झालेली शेतं. पोचलो तेव्हा पाच वाजले होते. मास्तर म्हणजे तिशीतला, बारीक आवाजाचा माणूस. आम्हाला पाहून त्यांनी काही विचारलं नाही. किल्ली काढून दिली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

मिस्त्रींनी पेटी मागून उघडली. बॅटरी जागेवर होती, यादीतल्याच नंबरची, फुगलेली, पांढरं पीठ ओकलेली. स्पीकरचा कागदी पडदा उंदरांनी पार खाल्ला होता. नुसतं गोल लोखंडी कडं उरलं होतं आणि त्याच्या आत सुकलेल्या गवताचं घरटं. मी नंबर, दिवस, वेळ लिहून घेतली. मिस्त्रींनी झाकण बसवलं. मला हायसं वाटलं. काम झालं होतं, आणि मिस्त्री सुटले होते.

मास्तर म्हणाले, "थांबता का? लोक येतील आता."

"कशाला?"

"बसायला," मास्तर म्हणाले.

सव्वासहानंतर लोक येऊ लागले. बाया एका बाजूला, बापे एका बाजूला, पोरं पुढे. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. जोडे बाहेर काढून, अंग चोरून, प्रत्येक जण जणू ठरलेल्या जागेवर बसला. मास्तरांनी कंदील खाली ठेवला, पेटीचं पुढचं दार उघडलं आणि बटण फिरवलं.

आम्ही दोघं मागच्या भिंतीशी उभे होतो. मी माझ्या आयुष्यात अनेक सभा पाहिल्या, कीर्तनं ऐकली. असं लक्ष देऊन ऐकणारी माणसं पाहिली नाहीत. चाळीस-पंचेचाळीस तोंडं त्या पेटीकडे, आणि पेटीतून काहीच नाही. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली तर पुढचा एक जण मागे वळून त्रासिक नजरेनं पाहू लागला. मध्येच एक बाई हसली. हलकंसं, घरचं कोणी काही बोलल्यावर हसावं तसं. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकदम माना डोलावल्या. एका पोरानं बापाच्या कानात काहीतरी विचारलं, बापानं बोट ओठांवर ठेवलं.

मी मनगटावरचं घड्याळ पाहत होते. काहीतरी करायचं म्हणून. त्या खोलीत दुसरं घड्याळ नव्हतं. मास्तरांचंही बंद पडलेलं, नंतर त्यांनीच सांगितलं. आणि सगळे एकदम उठले. कोणी खूण केली नाही. मी काटा पाहिला. बरोबर सात वाजले होते.

मी मिस्त्रींकडे वळले तर ते भिंतीशी नव्हते. माणसांच्या कडेनं ते पुढे गेले होते, आणि रेडिओच्या समोर उभे होते.

लोक पांगले. एक म्हातारी मात्र मागे राहिली, कपाळ कोरं, हातात काठी. ती मिस्त्रींना म्हणाली, "आज गंज बोलला. लय येळ."

मिस्त्रींनी विचारलं, कोण? तिचा मुलगा, ती म्हणाली. बल्लारशाच्या पुढं कुठंतरी पुलाच्या कामावर गेला होता. पावसाळ्याआधी एक कार्ड आलं, मग बंद. आता रोज संध्याकाळी इथं बोलतो.

"काय बोलते माय?" मिस्त्रींनी विचारलं.

"त्याचंच. पानी उतरलं म्हने नदीचं. आदी लय थंडी वाजे त्याले, हातरून पुरे ना. आता नाही वाजत म्हने." ती जरा थांबली. "तुमाले नाही का ऐकू आला?"

मिस्त्री एवढंच म्हणाले, की मी मागं उभा होतो. मग त्यांनी ते कार्ड पाहायला मागितलं. म्हातारीनं चोळीतून काढून दिलं. घामानं शाई पसरली होती, पण पत्ता लागत होता. मिस्त्रींनी तो मला लिहून घ्यायला सांगितला.

रात्री मास्तरांच्या घरी जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. सेट बसवायला आलेल्या साहेबांनी गावाला बजावलं होतं की या वेळी रोज बसायचं, गप्प बसायचं, बसणं थांबलं की सेट काढून नेऊ. सेट बंद पडला तेव्हा गाव घाबरलं. मास्तरांनाही कळवायचं धाडस झालं नाही. लोक रोज येऊन बसत, आणि मास्तर पत्रक वाचून आज काय सांगितलं ते त्यांना सांगत. तेच कार्डावर लिहीत. महिनाभर असं चाललं.

"मग ते मला विचारायचे बंद झाले," मास्तर म्हणाले. "मी सांगायला लागलो तर म्हणायचे, ऐकलं आम्ही. पहिल्यांदा वाटलं, माझी टर उडवतात. म्हणून एक दिवस मीही त्यांच्यात बसलो."

"मग?" मी विचारलं.

मास्तरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. दुरुस्त करू नका, एवढंच ते म्हणाले. तो सुरू झाला तर काय होईल ते मला माहीत नाही.

सकाळी आम्ही परतलो. मोटारीत बसताना मिस्त्री म्हणाले की चौकशीला अजून आठ दिवस आहेत, तोवर तुमचा कागद तुमच्यापाशी ठेवा. त्याच दिवशी ते बल्लारशाच्या गाडीला गेले.

सहाव्या दिवशी परत आले. दाढी वाढलेली, पायात दुसऱ्याच कोणाची तरी चप्पल. ऑफिसात न येता त्यांनी मला बाहेर निंबाखाली बोलावलं. मुलगा श्रावणातच गेला होता. थंडी वाजून ताप, चार दिवस, मग संपलं. ठेकेदाराच्या वहीत त्याचं गाव भलतंच लिहिलेलं, म्हणून कळवणार कोणाला? त्याच्यासोबतच्या मजुरांनी मिस्त्रींना नदीकाठची ती जागा दाखवली होती. मिस्त्रींनी ती पाहिली होती.

मला म्हातारीचं बोलणं आठवलं, हातरून पुरे ना, हे. श्रावणापासून त्या दिवसापर्यंत बल्लारशाकडून हिवरदरीत कोणी आलेलं असणं शक्यच नव्हतं. मिस्त्रींच्याही ते लक्षात आलं होतं.

मी म्हटलं, आता तिला सांगायला हवं.

"गेलतो," ते म्हणाले. "येताना तिकूनच आलो. दारात उभा राह्यलो. ती म्हने, बरं झालं आले, काल पोट्टं तुमचीच आठवन काढे. म्हने, एक मानूस पाहाले आला होता मले." त्यांनी चप्पल काढून परत घातली. "तिले मी काहीच सांगतलं नोव्हतं बाई. कोठी जातो, हे बी नाही."

वाऱ्यानं निंबाची पिवळी पानं आमच्यावर पडत होती. मला एकदम तिथून आत, माझ्या टेबलापाशी जावंसं वाटलं.

मिस्त्री म्हणाले, "तुमचा कागद टेबलावर ठेवू नोका."

मी समजावून सांगितलं. कागद ठेवला नाही तर तुमची नोकरी जाईल, वर चोरीचा ठपका राहील. कागद ठेवला तर तुम्ही सुटता. मी बॅटरी डोळ्यांनी पाहिली आहे. ते म्हणाले, मला सगळं कळतं. कागद ठेवला की सेट निघेल. निघाला की ती पेटी या ऑफिसात कोपऱ्यात पडेल नाहीतर दुसऱ्या गावात बाजारभाव सांगेल. "सारे लोक चालू सेटापुढं बसून राह्यले. दिल्लीचं ऐकते, मुंबईचं ऐकते. आपल्या घरचं कोनाले ऐकू येऊन राह्यलं? तिले येते. ते मी बंद करू?"

"पण तुम्हीच तर," मी म्हटलं, "पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नव्हतात."

"आताबी नाही ठेवत," मिस्त्री म्हणाले. "मी पाहून आलो, तो मेला हाय. ती बोलते त्याच्याशी. दोन्ही स्टेशन मले एकाच वेळी लागत नाही, एवढंच."

चौकशी अर्ध्या तासाची झाली. साहेब, हेडक्लार्क, मी आणि मिस्त्री. माझ्या फायलीत तो दोन पानी कागद होता: बॅटरीचा नंबर, स्पीकरची अवस्था, दिवस, वेळ, माझी सही. साहेबांनी मिस्त्रींना विचारलं, हिवरदरीचा सेट चालू आहे की बंद?

"चालू हाय."

"मग बॅटरी कशाला मागितली?"

मिस्त्री हातातला स्क्रू फिरवत राहिले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही जाऊन आलात, तुम्ही सांगा.

माझं पूर्ण आयुष्य नोंदींवर गेलं आहे. काय असेल ते लिहायचं, जसं असेल तसं लिहायचं. याद्या जुळल्या नाहीत तर रात्रभर बसून जुळवायच्या. त्या दिवशी मी फाईल उघडली, कागदाकडे पाहिलं, आणि म्हटलं की मंडळाची बैठक मी स्वतः पाहिली. हजेरी त्रेचाळीस होती. लोक लक्ष देऊन ऐकत होते.

एवढंच म्हटलं, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. साहेबांना तेवढं पुरलं. मिस्त्रींना महिनाअखेरीस काढलं. हेडक्लार्क म्हणाले, एवढा सगळ्यांवर संशय घेणारा माणूस, शेवटी हा निघाला. मी पुढच्या कार्डांची चवड लावत राहिले.

मिस्त्रींनी दुकान त्याच महिन्यात बंद केलं. गावात चोर म्हणून बोललं जाऊ लागलं, भोंगेही कोणी देईना. हत्यारांची पेटी घेऊन ते छोट्या गाडीनं मूर्तिजापूरच्या बाजूला गेले असं स्टेशनवरच्या हमालानं मला सांगितलं. त्यांची एक बहीण कुठंतरी होती. शोधून मी तिला दोन पत्रं पाठवली. एक परत आलं. दुसऱ्याला उत्तर आलं की तो इकडे आलाच नाही.

नवा मिस्त्री आला. हिवरदरीचं नाव मी त्याच्या फेरीच्या यादीत घातलं नाही. ती यादी मी करत असल्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या थंडीत घाटाखालच्या गावांचा माझा दौरा लागला. हिवरदरीला मुक्काम टाळता आला असता. मी टाळला नाही. संध्याकाळी इतरांबरोबर मीही त्या खोलीत बसले, बायांमध्ये. मास्तरांनी बटण फिरवलं. त्या अर्ध्या तासाबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण ते मला नीट मांडता येत नाही, आणि नीट मांडता न येणारं लिहायची मला सवय नाही. मी घड्याळ मात्र एकदाही पाहिलं नाही.

उठल्यावर ती म्हातारी माझ्याशेजारी आली. वर्षात बरीच वाकली होती. मास्तरांच्या घरापर्यंत मला सोडते म्हणाली, वाट खड्ड्यांची आहे. कंदील तिच्या हातात होता. मी तिला मुलाचं विचारलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "आता एकटा नाही तो तिथं. एक मानूस येऊन राह्यला त्याच्यापाशी. मोठ्या वयाचा हाय. त्याची लय सोबत झाली म्हने त्याले."

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, की मागून त्या माणसाचाही आवाज येतो अधूनमधून. ओळखीचा वाटतो, पण इतक्या लांबून ध्यानात येत नाही.

"तुमी बसल्या होत्या ना आता," ती म्हणाली. "तुमी तं शिकल्या-सवरल्या, साऱ्या गावातल्या मानसाईले वळखता. कोन असन बाई तो?"

मी माहीत नाही म्हटलं.

म्हातारीनं थांबून माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं. मग तिनं कंदील माझ्या बाजूला धरला, मला पायाखालचं दिसावं म्हणून, आणि आपण अंधारातून चालू लागली.